थबक

माहेरी नोकरीच्या कामानं जाऊ नये, हे ऋजुताला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पण सांगणार कोण? माहेरी होते एकटे तात्या, आणि ते तर बातमी कळल्यापासून अख्ख्या मिरजेत सांगत सुटले होते, "आमची ऋजू यायलीय. आपल्याच हॉस्पिटलात. परीक्षा घ्यायला!"

तात्यांनी त्या हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स आयुष्यभर चालवली. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की मिरजकर लगेच "कुठल्या डॉक्टरकडं?" म्हणून विचारतात आणि मग मूळ गोष्ट बाजूला राहते. तात्या म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. गाडीत पेशंट नसेल तर सायरन नाही, आणि मध्यरात्रीसुद्धा सिग्नल तोडायचा नाही. निवृत्त झाले तरी रोज सकाळी कॅन्टीनमध्ये त्यांची हजेरी असायचीच.

परीक्षा होती 'सुलभा'ची. सुलभा म्हणजे विम्याचे क्लेम करायचं नवं सॉफ्टवेअर. विमा असलेल्या पेशंटला घरी न्यायचं म्हणून ज्यानं हॉस्पिटलच्या बाकावर सकाळची संध्याकाळ केलीय, त्याला क्लेमचं टेबल म्हणजे काय ते सांगायला नको. तिथं बसणाऱ्याला वीस प्रश्न, दहा कागद, आणि समोर वैतागलेले नातेवाईक. सुलभा हे सगळं काही मिनिटांत उरकणार होती. ती हिशेबानं बरोबर चालते का, हे बघणारे लोक वेगळे होते. माणसाला ती चालवता येते का, एवढंच ऋजुता बघायची. पुण्याच्या एका परीक्षण संस्थेत तिची नोकरी होती, आणि राज्यभरच्या हॉस्पिटलांमध्ये सुलभा जाणार की नाही हे तिच्या सहीवर ठरणार होतं.

पूर्वी हे काम लोकांना विचारून व्हायचं. "कसं वाटलं?" आणि उत्तर ठरलेलं, "छान आहे की." आपल्याकडं तर बोलायलाच नको. घरी आलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर वाईट म्हणणार कोण? म्हणून मग चष्मा आला. माणूस अडला की त्याच्या बुबुळातली काळी बाहुली किंचित मोठी होते, बोट बटणाच्या अलीकडं क्षणभर हवेत राहतं, नजर मागं जाऊन परत येते. त्या माणसाला स्वतःला कळायच्या आत हे होऊन गेलेलं असतं. चष्म्याच्या काडीतला बारीक कॅमेरा हे सगळं टिपायचा आणि त्याची रेघ काढायचा. या क्षणाला ऋजुताच्या संस्थेनं नाव दिलं होतं 'थबक'.

सुलभाची खरी करामत पुढं होती. ती थबकेवरून शिकायची. जिथं माणसं थबकतात, तिथला प्रश्न ती सोपा करून मांडायची. जिथं कुणीच थबकत नाही, तिथं विचारण्यात अर्थ नाही असं धरून त्या प्रश्नाची घडी घालायची, म्हणजे प्रश्न आत ठेवून द्यायचा आणि सगळ्यांत जास्त वेळा आलेलं उत्तर आपणच भरायचं. जितक्या घड्या, तितकं काम झटपट.

"माणूस भिडेपोटी खोटं बोलतो, चष्मा भीड बाळगत नाही," असं ऋजुता परिषदांमधून ठासून सांगायची. लोक टाळ्या वाजवायचे.

मिरज हे परीक्षेचं शेवटचं गाव. क्लेमच्या टेबलावर दोघं होती. एक नसीमभाभी मुजावर, वयानं पन्नाशीच्या, ऋजुताला फ्रॉकमध्ये बघितलेल्या. दुसरा बाहुबली चौगुले, तिशीचा, नावाला अजिबात न शोभणारा काडीपैलवान. सरावाची प्रत आधीच पाठवलेली होती, पण ती परीक्षेच्या दिवशीच उघडायची अशी सक्त ताकीद होती. पेशंटच्या खाजगी गोष्टी बाहेर जाऊ नयेत म्हणून केसेस ऋजुतानं स्वतः रचल्या होत्या. सगळे पेशंट काल्पनिक. त्यामुळं टेबलासमोरची खुर्ची रिकामीच होती. भाभींनी तिच्यावर चहाचा थर्मास आणि भडंगाची पिशवी ठेवून दिली.

"आधी खा गं. किती वाळलीयस. पुण्यात जेवायला घालत नाहीत काय?"

"भाभी, परीक्षा आहे. तुम्ही चष्मा घाला बघू."

दोघांनी चष्मे घातले, सुलभा सुरू झाली, आणि ऋजुता बघतच राहिली. रेघ सपाट. कोल्हापुरात लोक थबकले होते, लातुरात थबकले होते, नाशकात तर एक बाई चष्मा काढून रडल्या होत्या. इथं भाभींचं बोट या प्रश्नावरून त्या प्रश्नावर असं चाललं होतं की जणू रोजची पोळी लाटताहेत. 'पेशंटला पूर्वीचा काही आजार आहे का?' या प्रश्नावर बाकी प्रत्येक गावात थोडी तरी थबक आली होती. इथं भाभींनी आणि बाहुबलीनं पटापट 'नाही' दाबलं आणि पुढं गेले.

ऋजुताला इतका आनंद झाला की विचारू नका. आपल्या गावाची माणसं! तिचा ऊर भरून आला आणि त्या भरात एक साधा प्रश्न तिला सुचलाच नाही, की जन्मात न बघितलेल्या स्क्रीनवर माणूस एकदाही कसा थबकत नाही.

तिनं सही केली. मिरजेच्या नोंदी सगळ्यांत स्वच्छ निघाल्या, आणि गणिताचा नियमच असा की ज्या मोजमापात गडबड कमी त्याला वजन जास्त. बाकी गावांच्या थबका मिरजेच्या सपाट रेघेखाली दबल्या. सुलभानं भराभर घड्या घातल्या आणि राज्यभर कामाला लागली.

निघताना तात्या स्टँडपर्यंत आले होते. "झालं ना मनासारखं?"

"झालं की, तात्या. तुम्ही बरे आहात ना? सगळं ठीक?"

"ठीक की."

तिची आई, माई, गेल्यापासून ऋजुता रोज फोनवर हेच विचारायची आणि तात्या हेच सांगायचे. दोघांनाही ते बरं पडायचं.

होळीच्या सुमारास बाहुबलीचा फोन आला. तात्या कॅन्टीनमध्येच चक्कर येऊन पडले होते. ऋजुता मिळेल त्या गाडीनं मिरजेला पोचली तेव्हा ते खाटेवर बसून नर्सला जुन्या ॲम्ब्युलन्सचे किस्से सांगत होते. नाडी फार सावकाश चालली होती. हृदयाचे ठोके सांभाळणारं पेसमेकर बसवावं लागणार होतं.

"दोन-चार दिवस निगराणीत काढता येतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण त्यापुढं मी थांबू देणार नाही. विम्याची मंजुरी लवकर घ्या."

मंजुरी आलीच नाही. आली ती लाल पट्टी: 'माहिती दडवली.' खाली बारीक अक्षरांत, की पेशंटनं पूर्वीचा आजार नाही असं सांगितलं, प्रत्यक्षात त्याच हॉस्पिटलच्या कागदांत रक्तदाबाच्या गोळ्यांची नोंद आहे. सबब दावा नामंजूर, विमाही रद्द.

नसीमभाभी क्लेमच्या टेबलामागं डोक्याला हात लावून बसल्या होत्या. "अगं, तात्यांचं बीपी मला माहीत नाही होय? ही बया मला विचारेल तर सांगीन ना! मला कुठं विचारलं तिनं?"

खरंच विचारलं नव्हतं. प्रश्नाची घडी झाली होती. आतल्या आत 'नाही' भरून सुलभा पुढं गेली होती, आणि तिचाच दुसरा भाग जुने कागद चाळून म्हणाला होता, की हा माणूस लबाड आहे.

ऋजुतानं तात्यांना हे सांगायचं टाळलं. पण हॉस्पिटलात कुठली गोष्ट लपते? संध्याकाळी तात्यांनीच विषय काढला.

"माझ्या नावावर 'दडवली' म्हणून लिहिलंय म्हणं."

"तात्या, मी पैसे भरते. तुमच्या जावयाशी बोलणं झालंय. उद्याच पेसमेकर बसवू."

"पैशाचं कोण बोलतंय? भर की, कर्ज काढून भर. पण ते लिहिलेलं तसंच राहील का नाही?" तात्यांचा आवाज चढला नाही. "या हॉस्पिटलात मला सगळी ओळखतात, ऋजू. मी कधी डिझेलच्या पावतीत एक रुपया इकडचा तिकडं केला नाही. ते आधी पुसून टाक. मग काय बसवायचं ते बसवा."

"आणि मधेच काही झालं तर?"

"मग तू मला न विचारता बसवशीलच. तुझ्या आईची लेक आहेस."

ऋजुता बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहिली आणि तिनं पुण्याला सबनीसांना फोन लावला. सबनीस तिचे साहेब. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना कुठल्याही अडचणीवरचा जवळचा रस्ता लगेच दिसायचा.

"अहो, त्यात काय एवढं? तुमच्याकडं परीक्षकाची किल्ली आहे. वडिलांची केस उघडा, उत्तर दुरुस्त करा, मोकळ्या व्हा."

"पण प्रश्नाची घडी झालीच कशी, सर?"

"ते नंतर बघू. आधी घरचं माणूस."

किल्ली म्हणजे तिच्या मोबाईलमधला एक संकेतांक. तो टाकला की तात्यांचं नाव अर्ध्या तासात कोरं झालं असतं. ऋजुता टेबलाकडं गेलीही. तिथं बाकावर एक बाई बसल्या होत्या, जयसिंगपूरच्या शाळेत शिकवणाऱ्या. त्यांच्या नवऱ्यालाही हीच लाल पट्टी लागली होती. त्या भाभींना विनवत होत्या, "मला फक्त एवढं सांगा, की आम्ही काय दडवलं? मी सगळं सांगितलं असतं हो."

ऋजुतानं मोबाईल परत पर्समध्ये टाकला आणि भाभींच्या शेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली.

सुलभा राज्यभर सुरू झाल्यापासून 'माहिती दडवली' हा शेरा कितीतरी पटींनी वाढला होता. कुणालाच त्याचं नवल वाटलं नव्हतं. लोक पूर्वीपासून लबाड होतेच, आता यंत्र त्यांना पकडतंय, असं म्हणून सगळ्यांनी सुलभाची पाठ थोपटली होती. एका बैठकीत स्वतः ऋजुतानंही थोपटली होती. आठवून तिचे कान गरम झाले.

मग तिनं मिरजेच्या परीक्षेचं चित्रण काढलं. बाहुबलीच्या नजरेचा ठिपका स्क्रीनवर फिरत होता. ती संथ गतीनं बघायला लागली आणि एका जागी हबकली. तिनं मागं नेऊन पुन्हा बघितलं. बटण स्क्रीनवर उमटायच्या आधीच बाहुबलीची नजर त्याच्या जागी जाऊन बसली होती. पुढच्या बटणालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. आणि शेजारच्या चौकटीत, टेबलावरच्या कॅमेऱ्यानं टिपलेले त्याचे ओठ हलत होते. पाठ केलेली कविता म्हणताना पोरांचे हलतात तसे.

"बाहुबली," तिनं हाक मारली, "इकडं या जरा."

त्यानं चित्रण बघितलं आणि त्याचा चेहरा पार उतरला. "ताई, तुम्ही रागावणार."

"सरावाची प्रत आधी उघडली होती?"

बाहुबलीनं भाभींकडं बघितलं. भाभींनी पदर सारखा केला. "अगं, तू माहेरवाशीण. पहिल्यांदा आपल्या हॉस्पिटलात कामाला आलेली. तुझ्या कामात आमच्यामुळं खोट निघाली असती तर बरं दिसलं असतं काय? आम्ही दुपारी कॅन्टीनमध्ये बसून तालीम केली. गॅदरिंगला करतात तशी."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाहुबली खालच्या मानेनं म्हणाला, "तात्यांनी."

तर असं होतं. चष्म्याला भीड नव्हती हे खरंच. पण चष्म्याच्या मागच्या माणसांना होती, आणि त्यांनी चष्मा यायच्या आधीच आपली थबक उरकून घेतली होती. ऋजुताला राग यायला हवा होता. तिला एकदम रडूच यायला लागलं.

ती तात्यांच्या खाटेशी येऊन बसली. तात्यांनी तिचं तोंड बघितलं आणि ओळखलं.

"कळलं व्हय?"

"का केलंत, तात्या?"

"मला वाटलं, गाव आपलं, पोरगी आपली. तिची रेघ सरळ यावी. तूच फोनवर म्हणालीस, की रेघ सरळ आली की काम पास. त्यात वाईट ते काय, असं वाटलं." ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "म्हणजे दडवलं तर होतंच मी. फक्त त्यांनी भलत्या ठिकाणी शोधलं."

ऋजुताला त्या तसल्या वेळीही हसू फुटलं. तात्याही हसले.

"नुसतं तुमचं नाव मी आत्ता पुसू शकते," ती म्हणाली. "पण मग बाहेरच्या त्या बाईंचं राहील. आणि राज्यभर अशी किती माणसं असतील. सगळ्यांचं पुसायचं तर मिरजेची परीक्षाच खोटी होती असं मला लिहून द्यावं लागेल. कशामुळं खोटी, तेही. तुमचं नाव येईल त्यात. माझी सही करायची परवानगी जाईल. आणि तोवर तुमची मंजुरीही थांबेल."

"किती थांबेल?"

"माहीत नाही. पण डॉक्टरीणबाईंनी 'आता बसवा' म्हटलं की मी तुमचं काही ऐकणार नाही."

तात्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "माझं नाव घालायचं तर नीट घाल. सुभाष बंडू आवटी. नुसतं 'एक निवृत्त कर्मचारी' असलं काही लिहू नको. आणि या दोघांनी माझ्या सांगण्यावरून केलं, तेही लिही."

ऋजुतानं तसंच लिहिलं. सबनीस फोनवर म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना, तुमच्या हातून काय जातंय ते?"

"कळतंय, सर."

"मग पाठवा. मी सकाळी निघतो."

दुसऱ्या दिवशी राज्यभर सुलभाच्या घड्या उलगडल्या. सगळे प्रश्न परत आले, क्लेमच्या टेबलांपुढं परत रांगा लागल्या, वर्तमानपत्रांनी संस्थेला यथेच्छ झोडपलं. ऋजुताला सहीचा अधिकार राहिला नाही. लाल पट्टी लागलेल्या केसेस मात्र पुन्हा उघडल्या. जयसिंगपूरच्या बाई टेबलाशी बसून नवऱ्याची सगळी दुखणी एकेक करून सांगत होत्या आणि भाभी लिहून घेत होत्या.

मिरजेची परीक्षा परत घ्यायला सबनीस स्वतः आले होते. त्यांच्या हातात पाटीएवढा स्क्रीन होता आणि त्यावर थबकेची रेघ. ऋजुतानं त्यांना एकच गोष्ट सुचवली होती, की या खेपेला काल्पनिक पेशंट नको. खुर्चीवर माणूस पाहिजे, आणि त्याची हरकत नाही ना, ते आधी विचारून घ्यायचं. आपली मूळ चूक तिला आता कळली होती. रिकाम्या खुर्चीला कोण काय विचारणार?

त्यामुळं खुर्चीवरचा थर्मास खाली आला आणि तात्या वर बसले, डॉक्टरीणबाईंच्या परवानगीनं, शेजारी नर्स ठेवून. ऋजुता त्यांच्या मागं उभी राहिली, नातेवाइकांच्या जागी. आयुष्यात पहिल्यांदाच ती टेबलाच्या या बाजूला होती.

नसीमभाभींनी चष्मा घातला. नाव, वय, पत्ता. रेघ शांत होती. मग स्क्रीनवर तो प्रश्न आला. भाभींचं बोट हवेत थांबलं. सबनीसांच्या हातातली रेघ वर उसळली, लाल झाली. सबनीस काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात भाभींनी मान वर करून खुर्चीकडं बघितलं.

"तात्या, पूर्वीचा काही आजार? मला माहिताय, पण तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा."

"लिहा. बीपी, जुनं. गोळ्या चालू." तात्या जरा थांबले. "म्हणजे चालू... अधूनमधून चुकतात. तेही लिहा. आता काही दडवायचं नाही."

"तात्या!" ऋजुता मागून पुढं आली. "गोळ्या चुकवता? हे मला कधी सांगितलं नाहीत ते!"

"तू कधी विचारलंस?"

"रोज विचारते! रोज फोन करते मी!"

"रोज 'सगळं ठीक ना' म्हणून विचारतेस, ऋजू," तात्या म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "त्याला माणूस 'ठीक की' सोडून काय म्हणणार?"

रेघ लालच होती. सबनीसांनी तो स्क्रीन हळूच टेबलावर पालथा ठेवला. ऋजुतानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि तात्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली.

"कधीपासून चुकतात?" तिनं विचारलं.

तात्या थबकले. त्यांनी भाभींकडं बघितलं, नर्सकडं बघितलं, मग खाली आपल्या हातांकडं. माई होती तोवर गोळी पाण्याच्या भांड्याबरोबर त्यांच्या हातात यायची.

ऋजुतानं घाई केली नाही. ती वाट बघत बसली.